संगणक उठत नाही म्हणजे वही बुडाली असे नव्हे

आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना सध्या एका नव्या खर्चाने गाठले आहे. दुकानातले, कारखान्यातले, सायझिंगच्या ऑफिसातले सात-आठ वर्षांपूर्वीचे संगणक संथ झाले आहेत. त्यात विंडोज १० चा नेहमीचा आधार कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद केला. नवे मशीन घेण्यापेक्षा आहे त्याच मशीनला नवी डिस्क बसवून घ्यावी, हा हिशेब बहुतेकांना पटतो. आम्हालाही पटला होता आणि हिशेब चुकीचा नाही. जुनी फिरणारी हार्ड डिस्क जाऊन तेथे एसएसडी आली की म्हातारे मशीन पुन्हा चालू लागते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

घात होतो तो पुढे. डिस्क बसविली, बटण दाबले, काळ्या पडद्यावर इंग्रजीची एक ओळ आली आणि मशीन तेथेच अडले. रिपेरिंगवाला मुलगा म्हणतो, फॉरमॅट मारावे लागेल. दुकानदार घाबरलेला असतो, गिऱ्हाईक समोर बसलेले असते, तो म्हणतो, मार. त्या एका 'मार' शब्दात पाच-पाच वर्षांची वही जाते. आमचे म्हणणे असे आहे की नवी डिस्क बसविल्यानंतर जे मशीन उठत नाही, त्यातील जुना हिशेब बहुतेक वेळा जागच्या जागी शाबूत असतो. मशीनला फक्त कोठे पाहावे हे समजत नसते. सबब कारण सापडेपर्यंत फॉरमॅटचे नाव कोणी काढू नये, आणि कारण शोधण्याच्या मेहनतीचा पैसा आपण द्यावा. या दुसऱ्या गोष्टीवर आमचे काही बंधू नाराज होतील, पण ती पुढे सविस्तर सांगणार आहोत.

आधी आमच्याच दुकानात घडले ते सांगतो. २०२५ च्या फेब्रुवारीतील १० तारीख. दुसऱ्या दिवशी जीएसटीआर-१ भरण्याची मुदत संपणार होती. अशा दिवशी मशीन उघडावयास देणे ही आमची चूक, ती आम्ही कबूल करतो. मुलगा दुपारी मोकळा होता, असरच्या नमाजपर्यंत काम उरकतो म्हणाला, आम्ही हो म्हटले. जुनी डिस्क आहे तेथेच ठेवून शेजारी नवी एसएसडी लावावयाची, विंडोज नव्या डिस्कवर घालावयाचे, हिशेब जुन्या डिस्कवर राहू द्यावयाचा, असे ठरले. त्याने डबा उघडला. बाजारात या डब्याला सर्रास 'सीपीयू' म्हणतात. वास्तविक सीपीयू म्हणजे आतील एक चौकोनी चिप, पण नाव पडले ते पडले. नवी डिस्क स्क्रूने आवळली, केबल जोडली, बटण दाबले. पडद्यावर ओळ आली, 'रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस'.

मुलगा म्हणाला, "चाचा, विंडोज उडाले. फॉरमॅट करावे लागेल."

आम्ही म्हटले, "नवी डिस्क काढ. होते तसे करून दे."

त्याने नवी काढली. बटण दाबले. पुन्हा तीच ओळ. आता तर त्याची खात्रीच झाली. "पाहा चाचा, जुनी डिस्कच खलास झाली आहे. बरे झाले नवी घेतली."

खरे सांगावयाचे तर त्या क्षणी आम्हीही डळमळलो. त्या डिस्कवर एकशे चाळीस पार्ट्यांची खाती होती. कोणाला किती ताके गेले, कोणाचा कोणता लॉट परत आला, कोणाची रक्कम आली नि कोणाची राहिली, ते सारे. रमजान तीन आठवड्यांवर आला होता आणि जकातीचा हिशेब आम्ही त्याच खात्यांवरून करतो. शेवटचा बॅकअप केव्हा घेतला असे कोणी त्या वेळी विचारले असते तर आम्हाला मान खाली घालावी लागली असती. दिवाळीनंतर घेतलाच नव्हता.

मग आम्हाला माग आठवला. नवा बीम चढविला आणि माग चालेना, तर जॉबर काय करतो? बीम फेकून देतो काय? तो पाहतो की आता कोठे कोठे हात लागला, कोणता धागा सुटला, कोणता नट ढिला राहिला. जे सकाळपर्यंत चालत होते ते आपोआप मरत नाही. आम्ही त्या मुलास म्हटले, "बेटा, अकरा वाजता याच डिस्कवर आम्ही बिल बनविले. तू तिला उघडली नाहीस, पाडली नाहीस. मग ती मेली कशाने? तुझा हात कोठे कोठे गेला तेवढे पाहू."

तो गप्प झाला, पण मुलगा प्रामाणिक होता. मशीन पुन्हा सुरू करून त्याने डिलीटचे बटण दाबून धरले आणि मशीनचा आतला पडदा उघडला, ज्याला बायोस म्हणतात. तेथे जोडलेल्या डिस्कांची यादी असते. यादीत आमच्या जुन्या डिस्कचे नावच नव्हते! मशीन बंद करून प्लग काढला, बॅटरी घेऊन आत पाहिले, तर नवी डिस्क सरकविताना जुनीची ती चपटी लाल केबल अर्धी बाहेर आली होती. अंगठ्याने दाबली, बसली. नाव यादीत आले, विंडोज उघडले, सारे ताके जागच्या जागी. अल्हमदुलिल्लाह. मग नवी डिस्क पुन्हा जोडली तर पुन्हा तीच ओळ आली. या खेपेस यादीत दोन्ही नावे होती, परंतु नवी, कोरी डिस्क पहिल्या क्रमांकावर जाऊन बसली होती. क्रम बदलला, काम झाले. एकूण वीस मिनिटे. फॉरमॅट केले असते तर दोन तास लागले असते आणि वही गेली असती ती वेगळीच.

म्हणजे दोष दोन होते, एकावर एक बसलेले. पहिला क्रमाचा होता. तो शोधण्यापूर्वी डिस्क काढताना-घालताना दुसरा, केबलचा, तयार झाला. दोन्ही वेळा पडद्यावर ओळ तीच, म्हणून मुलाला वाटले की रोग एकच आहे आणि तो डिस्कचा आहे.

हे का होते ते आमच्या बंधूंनी एकदा समजून घ्यावे. बटण दाबल्यावर विंडोज लगेच जागे होत नाही. मदरबोर्डवर एक लहानसा प्रोग्राम कायमचा बसविलेला असतो. जुन्या मशीनमध्ये त्यास बायोस आणि अलीकडच्या मशीनमध्ये यूईएफआय म्हणतात, बोलताना दोहोंना बायोसच म्हटले जाते. हा सकाळी दुकान उघडणाऱ्या नोकरासारखा आहे. त्याच्या हाती एक चिठ्ठी असते, आधी कोणते गोदाम उघडावयाचे, नंतर कोणते. पहिल्या गोदामात मुनीम बसलेला असला तर चावी त्याच्या हवाली करून नोकर मोकळा होतो. मुनीम म्हणजे विंडोज. आता तुम्ही शेजारी नवे, रिकामे गोदाम बांधले आणि चिठ्ठीवर त्याचेच नाव वर आले, तर नोकर तेथे जातो, आत कोणी नाही असे पाहतो आणि दारातून ओरडतो की मुनीम सापडत नाही. जुन्या गोदामातला माल तेव्हा कोठेही गेलेला नसतो.

आम्ही उर्दू शाळेत शिकलेले. 'बूट' म्हणजे पायातला जोडा एवढेच ठाऊक होते, म्हणून मशीन 'बूट होत नाही' असे कोणी म्हटले की आम्हाला हसू येई. पुढे समजले की हा शब्द खरोखरीच जोड्यावरून आलेला आहे. इंग्रजी जोड्याला मागे ओढण्याची पट्टी असते, ती धरून स्वतःच स्वतःला उचलणे, असा त्यामागचा विनोद. बंद मशीनने कोणाच्या मदतीवाचून स्वतःला उभे करावयाचे असते, म्हणून ते नाव.

आणि ही अडचण आजची नव्हे. १९९० नंतरच्या दशकात ज्यांनी दुकानात संगणक आणला त्यांना आठवत असेल की दुसरी डिस्क लावावयाची तर तिच्या पाठीवरचे पिटुकले जम्पर हलवून एकीला मास्टर व दुसरीला स्लेव्ह करावे लागे. दोन्ही मास्टर राहिल्या की दोन्ही गप्प. शिवाय त्या काळच्या बायोसना मोठी डिस्क दिसतच नसे. कोणाची मर्यादा ५०४ मेगाबाइट, कोणाची ८.४ गिगाबाइट, पुढे १३७ गिगाबाइट. डिस्क मोठी, बायोसची नजर लहान, आणि बदनाम होई बिचारी डिस्क. जम्पर गेले, मर्यादा गेल्या. डिस्कला बदनाम करण्याची सवय मात्र राहिली.

आता दुकानात अशी वेळ आली तर काय पाहावे? आमच्या मते सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे. बायोसच्या यादीत डिस्कचे नाव दिसते की नाही? यादी पाहण्यासाठी बटण दाबताच डिलीट किंवा एफ-२ दाबत राहावे, कंपनीप्रमाणे बटण वेगळे असते. नाव दिसत नसेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. केबल, विजेची तार, खाच, यांतच गोम आहे. नाव दिसत असेल तर केबल ठीक आहे, गोम क्रमात किंवा मशीनच्या सेटिंगमध्ये आहे. एवढी एक विभागणी केली तरी निम्मे भांडण मिटते. आणि हो, त्याआधी मशीनला लावलेले सारे पेनड्राइव्ह काढून घ्यावेत. किती तरी वेळा मशीन बिचारे पेनड्राइव्हमध्ये विंडोज शोधत बसलेले असते आणि दुकानात मातम चाललेला असतो.

केबलच्या बाबतीत एक बारकावा आहे. आजकाल पट्टीसारखी लहान एसएसडी मिळते, ती केबलशिवाय थेट मदरबोर्डवर बसते. तिच्या खाचेस एम-डॉट-टू म्हणतात. या पट्ट्या दोन जातींच्या, साटा आणि एनव्हीएमई. दिसावयास जवळपास सारख्या, पण प्रत्येक खाच दोन्ही जाती घेतेच असे नाही. त्यातून पुष्कळ मदरबोर्डांवर ही खाच भरली की केबलच्या एक-दोन खाचा आपोआप बंद पडतात, कारण आतला रस्ता दोघांत एकच असतो. म्हणजे नवी पट्टी बसविली आणि जुनी डिस्क नाहीशी झाली! जुनी डिस्क दुसऱ्या खाचेत लावली की परत येते. हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, पण पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत गेलेली असते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पुष्कळ मशीनना एनव्हीएमई डिस्कवरून सुरू होताच येत नाही, हेही खरेदीपूर्वी विचारून घ्यावे. कापड घेताना आपण अर्ज विचारतो, पन्हा विचारतो, मग डिस्क घेतानाच का विचारत नाही?

नाव दिसते, क्रमही बरोबर आहे, तरीही मशीन उठत नाही, असे झाले तर पद्धत पाहावी. डिस्कवर विभागणीची नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. जुनी एमबीआर, नवी जीपीटी. जुन्या बायोस पद्धतीने विंडोज सुरू करावयाचे तर डिस्क एमबीआर हवी, यूईएफआय पद्धतीने सुरू करावयाचे तर जीपीटी हवी. सध्या विंडोज ११ च्या घाईत हाच गोंधळ फार होतो. विंडोज ११ ला यूईएफआय लागते म्हणून मुलगा बायोसमध्ये जाऊन पद्धत बदलतो. डिस्क जुन्या पद्धतीची असते, मशीन उठत नाही, आणि मग फॉरमॅट. वास्तविक ती पद्धत पूर्ववत केली की मशीन होते तसे चालू लागते. डिस्क न पुसता एमबीआरची जीपीटी करणारे साधन विंडोजमध्येच दिलेले आहे. अर्थात बॅकअप घेऊनच त्याच्या वाटेला जावे.

असाच आणखी एक प्रकार निळ्या पडद्याचा. त्यावर 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' असे येते. मशीन उघडलेच आहे तर आतला सेलही बदलावा, असे मुलाला वाटते. तो रुपयाच्या नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल काढला की बायोसच्या साऱ्या सेटिंग मूळ पदावर जातात, तारीखही मागे जाते. डिस्कशी बोलण्याची रीत आधी एएचसीआय असेल आणि आता रेड झाली असेल, किंवा उलट, तर विंडोज अर्ध्यावर अडखळून निळे पडते. रीत पुन्हा पूर्वीची केली की उठते. म्हणून डबा उघडण्यापूर्वी बायोसच्या पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. फुकटचे काम आहे.

आमच्या शेजारच्या एका सायझिंगवाल्या बंधूंचे वेगळेच झाले. त्यांनी दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना नव्या डिस्कवर विंडोज घालून घेतले. सात महिने उत्तम चालले. मग जुनी डिस्क आता कशाला, म्हणून काढली, आणि मशीन उठेना. नव्या डिस्कवर विंडोज होते, पण मशीनला उठविणारी लहानशी फाइल विंडोजने बसताना जुन्या डिस्कवर लिहिली होती, कारण ती जागा तेथे आधीच तयार होती. जुनी डिस्क परत लावताच मशीन चालू झाले. सुदैवाने ती अजून घरात होती. ज्यांना नव्या डिस्कवर नवे विंडोज घालावयाचे आहे त्यांनी त्या वेळी जुनी डिस्क सोडवून बाजूस ठेवावी, काम पुरे झाल्यावर जोडावी. आणि ज्यांनी जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल, ज्याला क्लोन म्हणतात, काढली आहे, त्यांनीही पहिल्यांदा सुरू करताना मूळ व नक्कल दोन्ही जोडून ठेवू नयेत. दोघांची ओळख एकच असल्याने विंडोज गोंधळते व एकीला बाजूस सारते.

सर्वांत जास्त भीती वाटते ती ज्या पडद्यावर ४८ आकडी किल्ली मागितली जाते त्याची. आमच्या एका मित्रास वाटले की व्हायरस शिरला, खंडणी मागतो आहे. तसे नाही. विंडोज ११ च्या बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते. त्यास बिटलॉकर म्हणतात. बायोस वा डिस्कमध्ये फेरफार दिसला की ते कुलूप किल्ली मागते. मशीन सुरुवातीस ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यावर चढविले असेल त्या खात्यात ही किल्ली बहुधा जमा असते. आता प्रश्न असा की ते खाते कोणाचे? मशीन विकणाऱ्या मुलाने घाईत स्वतःच्या ईमेलवर चढविले असेल, तर तुमच्या गोदामाची किल्ली त्याच्या खिशात आहे, आणि तो मुलगा आज दुबईला असेल. किल्लीवाचून हा माल कोणालाही, कोणत्याही किमतीस काढून देता येत नाही. आजच, मशीन चालू आहे तोवर, ही किल्ली काढून कागदावर छापून तिजोरीत ठेवावी. या लेखातील दुसरे काही केले नाही तरी चालेल, हे करावे.

फॉरमॅटचा परिणाम काय, हेही नीट समजले पाहिजे. जुन्या फिरणाऱ्या डिस्कवर झटपट फॉरमॅट झाले आणि वर काही लिहिले गेले नाही, तर जाणकार मनुष्य बराच माल परत काढू शकतो. पण फॉरमॅट करून लगेच त्यावर विंडोज घातले म्हणजे तोही रस्ता अरुंद होतो. एसएसडीवर तर पुसलेली जागा डिस्क स्वतःच आतून साफ करून टाकते, तेथे आशा जवळजवळ नाहीच. आणि जुनी डिस्क टकटक असा आवाज करीत असेल तर ती खरोखर आजारी आहे. पुन्हा पुन्हा बटण दाबून तिची परीक्षा पाहू नये, बंद करून जाणकाराकडे न्यावी.

मुले म्हणतात, चाचा, फॉरमॅटपूर्वी डेटा काढून घेतो. काढतातही. डेस्कटॉप काढतात, डॉक्युमेंट्स काढतात, लग्नाचे फोटो काढतात. टॅलीचा हिशेब या दोन्ही जागी नसतो, त्याचे फोल्डर वेगळे असते. कंपनी निवडण्याच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो, तो लिहून ठेवावा. टॅलीचे लायसनही मशीन पुसण्यापूर्वी सरेंडर करावे लागते, नाही तर नव्या डिस्कवर ते चढविताना खटपट होते.

आता नाराजीचा मुद्दा. मुले इतक्या लवकर फॉरमॅटवर का येतात? त्यांना अक्कल नाही म्हणून नव्हे. आपण त्यांना तसे शिकविले. फॉरमॅटचा भाव बाजारात ठरलेला आहे, तो आपण कुरकुर न करता देतो, कारण काम झालेले दिसते. पण मुलगा तासभर बसला, केबल तपासली, क्रम बदलला, आणि मशीन चालू झाले, तर आपण काय म्हणतो? "काय केलेस? एक केबल तर दाबलीस. याचे काय पैसे?" आम्ही स्वतः हे वाक्य पूर्वी बोललेलो आहोत. ज्याला शोधण्याचे पैसे मिळत नाहीत तो शोधणार कशाला? तो पुसून मोकळा होणार. मागावर जॉबर एक नट फिरवितो आणि आपण त्याचा मेहनताना देतो, कारण कोणता नट फिरवावयाचा हे ओळखण्यात त्याची उमर गेली आहे हे आपण जाणतो. ही रिपेरिंगची मुलेही कारागीरच आहेत. आपल्याच मोहल्ल्यातील, बहुतेक जण कोणा दुकानात उभ्या-उभ्या शिकलेले. त्यांच्याशी आधीच ठरवावे की कारण शोधून दिले तर अमुक रक्कम, फॉरमॅट झाले तर त्याहून कमी. भाव उलटा केला की हातही उलटा चालू लागेल.

मुलांनाही आमचे सांगणे आहे. समोरच्या डिस्कवर जे आहे ते तुमच्याकडे अमानत आहे. ती केवळ शेठची दौलत नसते. त्यात मागावरच्या मजुराची उचल असते, एखाद्या बेवा बाईने ठेवावयास दिलेली रक्कम असते, आणि शेठला ज्यांचे देणे आहे त्यांचा हक्क असतो. कुरआन मजीदमधील सर्वांत लांब आयत, सूरह बकराची २८२ वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे, हे आपण सारे जाणतो. पूर्वी ते लिहिणे चोपडीत होते, आज या पट्टीवर आहे. ती पुसण्यापूर्वी मालकाकडून कागदावर दोन ओळी लिहून घ्या, तुमचीही सुटका त्यातच आहे. कायद्यानेही जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणाच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावे लागतात. 'डिस्क उडाली' हे उत्तर नोटिशीला चालत नाही.

जुन्या डिस्कविषयी आमचे मत कडक आहे. ती बदल्यात देऊ नये. शे-दोनशे रुपये सुटतात म्हणून ती दिली जाते, मग ती भंगारात वा कोणा तिसऱ्याच मशीनमध्ये जाते. तुमचे खरेदीचे भाव, पार्ट्यांची नावे, घरातील बायका-मुलींचे फोटो, सारे तिच्याबरोबर जाते, वरवर फॉरमॅट केलेले असले तरीही. जुनी डिस्क आपल्या हातात घ्यावी, पाकिटात घालून तारीख लिहावी, निदान वर्षभर ठेवावी. नंतर हातोड्याने फोडावी.

बॅकअपची आमची पद्धत साधी आहे. दोन बाहेरच्या डिस्क आहेत. जुम्याच्या सुट्टीआधी, गुरुवारी संध्याकाळी, एकीवर टॅलीची नक्कल घेतो आणि ती घरी जाते. पुढच्या गुरुवारी दुसरी. काम झाले की डिस्क मशीनपासून सोडवितो, लावून ठेवीत नाही, कारण व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कलाही सोडीत नाही. तीन महिन्यांतून एकदा ती नक्कल भाच्याच्या मशीनवर उघडून पाहतो. पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती रिकामी निघाली होती! आम्ही शॉर्टकटचीच नक्कल घेत होतो.

त्या १० तारखेच्या रात्री आम्ही जीएसटीआर-१ भरला, इशाच्या नमाजनंतर. मुलाला फॉरमॅटच्या ठरलेल्या भावाहून दीडपट दिले. तो घ्यावयास तयार नव्हता, म्हणाला, चाचा, केबल तर मीच हलविली होती. आम्ही म्हटले, सापडविलीही तूच. नवी डिस्क चार दिवसांनी, १४ तारखेला जुम्याच्या सुट्टीत, सावकाश बसविली. डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूस आता एक कागद चिकटविला आहे. कोणती डिस्क कोणत्या खाचेत, बायोसमध्ये क्रम कोणता, पद्धत कोणती, टॅलीचे फोल्डर कोठे. खाली त्याच्याच हाताने तारीख घातलेली आहे.